पोलेमोस : अर्थ ठरवताना समोर कोणता शब्द उभा आहे ते पाहा

प्रश्न असा आला आहे : प्राचीन ग्रीकमध्ये युद्धाला 'पोलेमोस' म्हणतात, पण कोशात त्याखाली युद्ध, लढाई, रणधुमाळी, कलह असे चारपाच अर्थ दिलेले दिसतात, मग नेमका कोणता धरायचा? 'माखे' आणि 'स्तासिस' हे शब्द त्याहून वेगळे कसे? टॉलेमी या नावात हाच शब्द आहे का? आणि तत्त्वज्ञ हेराक्लिटसचे 'युद्ध हा सर्वांचा पिता' हे वाक्य युद्धाची भलामण म्हणून वाचायचे का?

बरीच वर्षे हे ग्रंथ मुळातून वाचतो आणि शिकवतो आहे, त्या आधाराने लिहितो. कोशातले सगळे अर्थ बरोबर आहेत, पण ते एकाच काळाचे नाहीत. पोलेमोस वाचताना मी एकच गोष्ट आधी तपासतो. या उताऱ्यात त्याच्या समोर किंवा शेजारी कोणता शब्द उभा आहे? महाकवी होमरमध्ये शेजारी 'माखे' म्हणजे लढत असतो, इतिहासकार थ्युसिडिडीजमध्ये समोर 'स्पोंदाई' म्हणजे तह असतो, प्लेटोमध्ये 'स्तासिस' म्हणजे यादवी असतो. शेजार बदलला की अर्थ सरकतो.

होमरपासून सुरुवात करू. 'इलियड'मध्ये पोलेमोस म्हणजे बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष चाललेले रण. दहा वर्षांचे ट्रोजन युद्ध एक घटना म्हणून सांगायचे असेल तेव्हाही हा शब्द येतो, पण तो खरा जिवंत होतो तो माणूस त्यात शिरतो, त्यातून माघारी येतो, त्याला कंटाळतो तेव्हा. चौथ्या सर्गात ग्रीकांचा सेनाप्रमुख अगामेम्नॉन आपल्याच योद्ध्याला, डायोमिडीसला, टोचून विचारतो, नुसत्या पोलेमोसच्या 'गेफुरा' काय न्याहाळत बसला आहेस? गेफुरा म्हणजे पुढच्या काळात पूल, पण इथे दोन फळ्यांमधली मोकळी वाट. पोलेमोस ही अशी जागा आहे की जिच्यात वाटा असतात, जिच्यात उतरता येते. मराठीत आपण 'रणात उतरला' म्हणतो, 'रणातून पळाला' म्हणतो. होमरचा पोलेमोस मराठीत आणताना 'रण' हा शब्द युद्धापेक्षा जवळचा वाटतो, आणि मी तो सर्रास वापरतो.

त्याच्या जोडीला होमरकडे लढाईचे आणखी शब्द आहेत. 'माखे' म्हणजे चकमक, लढत. 'फुलोपिस' म्हणजे रणातला कल्लोळ. आणि 'ह्युस्मिने', ज्याच्याकडे मराठी वाचकाने जरा थांबून पाहावे. ह्युस्मिने आणि आपला 'युध्' धातू एकाच मुळाचे आहेत. म्हणजे युद्ध, योद्धा, आयुध या शब्दांचा ग्रीक भाऊबंद शोधायचा तर तो पोलेमोस नव्हे, ह्युस्मिने. पुढच्या काळात ह्युस्मिने रोजच्या भाषेतून गेला, काव्यापुरता उरला, आणि सगळा भार पोलेमोसवर आला.

पोलेमोसचे स्वतःचे मूळ 'पेलेमिझो' या क्रियापदाशी जोडतात. त्याचा अर्थ हादरवणे, थरथरवणे. 'ओडिसी'च्या एकविसाव्या सर्गात टेलेमॅकस बापाचे, ओडिसियसचे, धनुष्य ओढू पाहतो आणि तीनदा ते नुसते थरथरवतो, तिथे हेच क्रियापद आहे. हे नाते पटण्यासारखे आहे, पण सिद्ध झालेले नाही. 'पोलिस' म्हणजे नगर, त्यावरून पोलेमोस, ही व्युत्पत्ती मात्र सोडून द्यावी. पोलिस हा आपल्या पुर्, पुरी या शब्दांचा नातेवाईक आहे आणि त्याचा युद्धाशी संबंध नाही.

या दोन शब्दांत एक साम्य मात्र खरे आहे, आणि तिथून टॉलेमीचा प्रश्न सुटतो. होमरमध्ये पोलिसचे 'प्तोलिस' आणि पोलेमोसचे 'प्तोलेमोस' असे जोडाक्षरी रूपही भेटते. अर्थामध्ये काही फरक नाही, फरक वृत्तात पडतो. आपल्याकडे जोडाक्षराच्या आधीचा ऱ्हस्व स्वर गुरू होतो, तसेच ग्रीक वृत्तात होते. चरणात त्या जागी गुरू हवा असेल तर कवी प्तोलेमोस घेतो, लघु हवा असेल तर पोलेमोस. ज्याने शाळेत वृत्ते लगावून पाहिली आहेत त्याला हे शिकवावे लागत नाही. हे रूप होमरने वृत्तासाठी घडवलेले नाही, ते जुने आहे. ग्रीसमधल्या पिलॉस येथे सापडलेल्या, लिनियर बी या जुन्या ग्रीक लिपीतल्या मातीच्या पाट्यांवर 'एउरुप्तोलेमोस' हे माणसाचे नाव आहे, आणि त्या पाट्या होमरच्या कित्येक शतके आधीच्या.

'प्तोलेमाइओस' म्हणजे रणाचा, लढवय्या. 'इलियड'च्या चौथ्या सर्गात अगामेम्नॉनच्या सारथ्याचा बाप याच नावाचा आहे. अलेक्झांडरच्या एका सेनापतीचे हेच नाव होते, त्याने इजिप्तमध्ये राजघराणे स्थापले, आणि पुढे ते नाव त्या घराण्याचेच झाले. अकिलिसच्या मुलाचे नाव निओप्तोलेमोस, म्हणजे रणात नवा.

हे नाव आपल्याकडे दोन वाटांनी आले. पहिली वाट अशोकाची. कलिंगाच्या युद्धाबद्दल खंत व्यक्त करणाऱ्या तेराव्या शिलालेखात त्याने ज्या यवन राजांची नावे घेतली त्यांत 'तुरमाय' आहे, काल्सीच्या प्रतीत 'तुलमय'. हा इजिप्तचा दुसरा टॉलेमी. म्हणजे ज्या लेखात भारतातला राजा शस्त्रविजयाऐवजी धम्मविजय श्रेष्ठ म्हणतो, त्याच लेखात ग्रीक रणाचा शब्द एका राजाच्या नावात दडून बसला आहे. या शिलालेखाच्या सुरुवातीचा ग्रीक अनुवाद १९६३ मध्ये कंदहारला सापडला. मी तो मोठ्या उत्सुकतेने वाचला, पोलेमोस कुठे येतो ते बघायला. कलिंगाच्या वाक्यात तो नाही. पिओदास्सेसने, म्हणजे प्रियदर्शीने, राज्याच्या आठव्या वर्षी कलिंग 'पादाक्रांत केले', असे सरळ क्रियापद आहे, आणि पुढे आकडे : पंधरा 'मुरिआदेस' देह जिवंत पकडून नेले, आणखी दहा मारले गेले, आणि जवळजवळ तितकेच इतर मेले. एक मुरिआस म्हणजे दहा हजार. अनुवादकाने वीररसाचा नेहमीचा शब्दसाठा या वाक्यापासून दूर ठेवला आणि 'सोमाता', देह, हा शब्द घातला. युद्धात पकडून विकल्या जाणाऱ्या माणसांना ग्रीक व्यवहारात हाच शब्द वापरत. ज्या कोणी हे भाषांतर केले त्याची दोन्ही भाषांची जाण अस्सल होती.

दुसरी वाट पैठणची. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून भूगोल लिहिणारा क्लॉडियस टॉलेमी 'बैथाना' हे गाव नोंदवतो आणि ते 'सिरोप्तोलेमाइओस'ची राजधानी असे सांगतो. हस्तलिखितांत नावाची रूपे थोडी बदलतात, 'सिरोपोलेमाइओस' असाही पाठ आहे. हा राजा म्हणजे सिरि पुळुमावी, गौतमीपुत्र सातकर्णीचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी, ज्याच्या एकोणिसाव्या वर्षी आजी गौतमी बलश्रीने नाशिकच्या लेण्यात तो प्रसिद्ध लेख कोरवला. प्राकृत 'सिरि' म्हणजे श्री. पुळुमावी या नावाचा पोलेमोसशी काडीचाही संबंध नाही. खलाशी आणि व्यापाऱ्यांच्या तोंडून आलेला आवाज ग्रीक कानाला ओळखीच्या नावासारखा लागला आणि तसा लिहिला गेला. लिहिणाऱ्याचे स्वतःचे नाव तेच होते, हेही लक्षात घ्या. सातवाहनांच्या इतिहासात राजाचा काळ ठरवायला ही नोंद फार मोलाची ठरली.

आता अथेन्सकडे. इ.स.पू. पाचव्या शतकात पोलेमोसचा अर्थ ठळकपणे बदललेला दिसतो. 'माखे' म्हणजे एक लढाई, एक दिवस, एक मैदान. 'पोलेमोस' म्हणजे दोन राज्यांमधली स्थिती, जी एकही भाला न उचलला जाताही चालू असू शकते. हा फरक सर्वांत स्वच्छ थ्युसिडिडीजमध्ये दिसतो. पहिल्या खंडाच्या शेवटी तो सांगतो की अथेन्स-स्पार्टा युद्धापूर्वी दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांकडे दूताशिवाय जात-येत होते, संशय मात्र होता. दुसऱ्या खंडाचे पहिलेच वाक्य म्हणते, इथून पोलेमोस सुरू होतो, कारण आता दूताशिवाय ये-जा उरली नाही आणि एकदा सुरुवात झाल्यावर ते सतत लढले. पहिला घाव कोणी घातला यावर त्याने पोलेमोसचा आरंभ टेकवलेला नाही, ये-जा बंद होण्यावर टेकवला आहे. 'केरुक्स' म्हणजे दूत, हातात दंड घेऊन येणारा, ज्याला हात लावायचा नाही असा माणूस. शेजारच्या गावी जायला असा माणूस लागू लागला की पोलेमोस आहे.

म्हणूनच 'पोलेमोस आकेरुक्तोस' हा प्रयोग जपून वाचावा लागतो. शब्दशः दूताविना युद्ध. कधी त्याचा अर्थ जाहीर न करता सुरू केलेले युद्ध असा होतो, इतिहासकार हिरोडोटसने एजायना बेटाच्या अथेन्सवरील हल्ल्याबद्दल तसे लिहिले आहे. इतरत्र त्याचा अर्थ इतके कडवे युद्ध की दूतही स्वीकारत नाहीत. कुठला घ्यायचा ते संदर्भ ठरवतो.

थ्युसिडिडीजचा पोलेमोस हा शब्द म्हणजे एक ठाम निवाडासुद्धा आहे. इ.स.पू. ४३१ ला युद्ध पेटले, ४२१ ला निशियसचा तह झाला, मग काही वर्षे नावापुरती शांतता, पुढे सिसिलीची मोहीम, आणि ४०४ ला अथेन्स पडले. त्या काळच्या माणसाला ही दोनतीन वेगवेगळी युद्धे वाटणे साहजिक होते. पाचव्या खंडात थ्युसिडिडीज अडवून सांगतो की मधल्या तहाला युद्धातून वगळणे चूक आहे. कृती पाहा, म्हणतो, दोघांनीही ठरलेल्या जागा परत दिल्या-घेतल्या नाहीत, करार मोडत राहिले. म्हणून हा सत्तावीस वर्षांचा एकच पोलेमोस. आज आपण 'पेलोपोनेशियन युद्ध' असे एकवचनात म्हणतो ते या एका माणसाच्या आग्रहामुळे. नावही अथेन्सच्या बाजूचे आहे. समोरून पाहणाऱ्यांना ते 'आत्तिकोस पोलेमोस' होते, आणि थ्युसिडिडीजच्याच पाचव्या खंडात आर्गोसच्या संदर्भात ते रूप आले आहे.

त्याचे दुसरे वाक्य कॉर्सायरा बेटावरच्या यादवीच्या वर्णनातले. पोलेमोस हा 'बिआइओस दिदास्कालोस' आहे, कारण तो रोजच्या गरजा सहज भागण्याची सोय काढून घेतो आणि बहुतेकांचा स्वभाव परिस्थितीच्या पातळीवर आणतो. दिदास्कालोस म्हणजे गुरुजी. बिआइओस म्हणजे बळजबरीचा, हिंसक. छडी घेऊन शिकवणारा मास्तर की हिंसा शिकवणारा मास्तर? ग्रीकमध्ये दोन्ही एकदम आहेत. मी 'निर्दय गुरू' असे भाषांतर वाचले आहे, ते अर्धेच आहे. 'दांडगा मास्तर' मला जवळचे वाटते.

याच जागी स्तासिसचा प्रश्न येतो. स्तासिस म्हणजे मुळात उभे राहणे, बाजू घेणे, मग गट, मग गटांची मारामारी. मराठीला त्यासाठी शब्द शोधावा लागत नाही, 'यादवी' आहे. प्लेटो 'रिपब्लिक'च्या पाचव्या खंडात सॉक्रेटिसच्या तोंडून रेघ ओढतो : परक्यांशी वैर तो पोलेमोस, आपल्यांशी वैर ती स्तासिस. ग्रीक आणि बर्बर म्हणजे ग्रीकेतर यांच्यात पोलेमोस, ग्रीक आणि ग्रीक यांच्यात स्तासिस, तो एक आजार, आणि म्हणून ग्रीकांनी ग्रीकांची घरे जाळू नयेत, शेते उजाड करू नयेत. कोशांत आणि परिचयपर पुस्तकांत ही व्याख्या म्हणून दिली जाते. माझे मत असे की ती व्याख्या नाही, मागणी आहे. प्लेटोच्या मापाने अथेन्स-स्पार्टा संघर्ष हा स्तासिस ठरेल, पण थ्युसिडिडीजपासून सगळे त्याला पोलेमोसच म्हणतात. प्रत्यक्ष बोलीत रेघ नगराच्या वेशीवर होती : वेशीबाहेर पोलेमोस, वेशीच्या आत स्तासिस. प्लेटोला ती वेस सगळ्या ग्रीकांभोवती हवी होती.

शत्रूसाठीही असेच दोन शब्द आहेत. 'पोलेमिओस' म्हणजे ज्याच्याशी आपल्या नगराचे युद्ध आहे तो, 'एख्थ्रोस' म्हणजे ज्याच्याशी माझे वैर आहे तो. सैनिक-लेखक झेनोफनच्या मोहिमेच्या वृत्तांतात समोरची फौज म्हणजे 'होई पोलेमिओई', आणि नुसते 'हे पोलेमिया' म्हटले की शत्रूचा मुलूख. न्यायालयातल्या भाषणात वादी आपल्या प्रतिवाद्याला एख्थ्रोस म्हणतो. 'पोलेमार्खोस' हा अथेन्सच्या नऊ आर्खोनांपैकी, म्हणजे प्रमुख अधिकाऱ्यांपैकी, एक. इ.स.पू. ४९० ला इराण्यांविरुद्धच्या मॅरेथॉनच्या लढाईवेळी कॅलिमाकस पोलेमार्खोस होता आणि लढायचे की नाही यावर त्याचे मत निर्णायक ठरले. पुढे सेना स्ट्रॅटेगोसांच्या, म्हणजे सेनापतींच्या, हाती गेली आणि पोलेमार्खोसकडे उरले ते मुख्यतः परदेशी रहिवाशांचे खटले आणि युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाचे विधी. पदनामावरून काम ओळखायला जाऊ नका.

हा शब्द अथेन्सच्या सामान्य माणसाला कसा ऐकू येत असे, हे बघायचे तर विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनीसकडे जावे. 'शांती' हे त्याचे नाटक इ.स.पू. ४२१ ला, तहाच्या काही दिवस आधी रंगमंचावर आले. त्यात पोलेमोस स्वतः पात्र आहे, अवाढव्य खल घेऊन येतो आणि नगरे कुटायला घेतो. प्रासिआइ गावासाठी 'प्रासा' म्हणजे पातीचा कांदा टाकतो, लसणासाठी प्रसिद्ध मेगारासाठी लसूण, सिसिलीसाठी चीज, आणि वरून अथेन्सचा मध ओततो. कुटायला बत्ता नसतो. नोकर कुदोइमोस, म्हणजे गोंधळ, त्याला अथेन्सला पाठवतो. अथेन्सचा बत्ता हरवलेला. स्पार्टाला पाठवतो. तिथलाही हरवलेला. आदल्याच वर्षी अथेन्सचा क्लेऑन आणि स्पार्टाचा ब्रासिडास एकाच लढाईत मारले गेले होते, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नव्हते. ज्या शहराने दहा वर्षांत शत्रूच्या स्वाऱ्या, रोगराई आणि उजाड शेते पाहिली, त्याच्यासाठी पोलेमोस म्हणजे गावोगावची चव एकत्र करून केलेला ठेचा होता.

त्याच लेखकाच्या 'लिसिस्त्राता'त, इ.स.पू. ४११ मध्ये, होमरची एक ओळ दोनदा येते. 'इलियड'च्या सहाव्या सर्गात ट्रॉयचा वीर हेक्टर आपल्या बायकोला, अँड्रोमॅकीला, घरी जाऊन माग आणि चाती सांभाळायला सांगतो आणि म्हणतो, पोलेमोस पुरुष बघून घेतील. लिसिस्त्राता सांगते की नवऱ्याला सभेतल्या निर्णयाबद्दल विचारले की तो हीच ओळ तोंडावर फेकायचा. थोड्याच ओळींनी ती एक शब्द बदलून परत करते : पोलेमोस बायका बघून घेतील. होमरमध्ये तो पुरुषांचे रण होता. इथे तो सभेत ठराव करून चालवला जाणारा कारभार आहे. अर्थ कसा सरकला ते या एका ओळीच्या दोन वापरांत पूर्ण दिसते.

आता हेराक्लिटस. तो होमरनंतरचा, पण या बाकी सर्वांच्या आधीचा, इ.स.पू. ५०० च्या आसपासचा, इफिससचा. वाक्य पूर्ण असे : पोलेमोस सर्वांचा पिता आहे, सर्वांचा राजा आहे, काहींना त्याने देव म्हणून दाखवले, काहींना माणसे म्हणून, काहींना गुलाम केले, काहींना मुक्त. लोक पहिला तुकडा उचलतात आणि उरलेले सोडतात, तिथे घोटाळा होतो. 'माणसांचा आणि देवांचा पिता' हे होमरमध्ये झ्यूसचे ठरलेले बिरुद आहे. ग्रीक श्रोत्याला ते तोंडपाठ होते. हेराक्लिटस झ्यूसला त्या आसनावरून उठवतो आणि तिथे पोलेमोसला बसवतो. ही युद्धाची स्तुती मानली तर दुसरा भाग निरर्थक होतो. दुसऱ्या भागात भेद कसे उत्पन्न होतात ते सांगितले आहे. लढाई हरलेला माणूस संध्याकाळी गुलाम असतो, जिंकलेला मुक्त. सकाळी दोघे सारखे होते. या रोजच्या, डोळ्यांसमोरच्या गोष्टीवरून तो म्हणतो की देव आणि मर्त्य हा भेदही असाच विरोधातून उभा राहतो.

दुसरे वचन याला आधार देते : पोलेमोस 'क्सुनोस' आहे हे जाणले पाहिजे, आणि न्याय म्हणजे कलह. क्सुनोस म्हणजे समाईक. 'इलियड'च्या अठराव्या सर्गात हेक्टर म्हणतो, रणदेव समाईक आहे, मारणाऱ्यालाही तो मारतो. हेराक्लिटस तो शब्द घेतो आणि सगळ्या विश्वाला लावतो. 'लोगोस'लाही, म्हणजे विश्वामागच्या नियमालाही, तो क्सुनोसच म्हणतो. त्याच अठराव्या सर्गात मित्र पॅट्रोक्लसच्या मृत्यूनंतर अकिलिस म्हणतो, देवांतून आणि माणसांतून कलह नाहीसा होवो. ॲरिस्टॉटल नोंदवतो की हेराक्लिटसने या इच्छेबद्दल होमरला दोष दिला, कारण उंच आणि खालचा सूर नसेल तर सुसंवाद कुठला, नर-मादी नसतील तर प्राणी कुठले. म्हणजे इथे पोलेमोसच्या समोर तहही नाही आणि स्तासिसही नाही. समोर आहे ती सगळे भेद पुसून टाकणारी सपाटी. कोणत्याही सेनापतीला या वाक्याचा उपयोग करून देऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण मूळ वाक्यात त्याच्यासाठी काही नाही. पोलेमोस ग्रीकमध्ये पुल्लिंगी आहे, त्यामुळे पिता आणि राजा सहज बसतात. मराठीत युद्ध नपुंसकलिंगी पडते आणि ओळ अडखळते. 'संग्राम हा सर्वांचा पिता' असे केले की लिंगही जुळते आणि सैन्याच्या कवायतीपेक्षा मोठा अर्थ शिल्लक राहतो.

वाचायला सुरुवात करणाऱ्यांसाठी व्याकरणाचा एक सापळा. 'पोलेमेओ' म्हणजे युद्ध करणे. अभिजात ग्रीकमध्ये ज्याच्याविरुद्ध लढायचे ते चतुर्थीत येते किंवा 'प्रोस' घेऊन द्वितीयेत, आणि 'मेता' अधिक षष्ठी म्हणजे कोणाच्या साथीने. नव्या करारातल्या 'प्रकटीकरण' ग्रंथात बाराव्या अध्यायात मिखाएल आणि त्याचे दूत अजगराशी लढतात, तिथे 'मेता' अजगरापुढे लावला आहे आणि अर्थ 'विरुद्ध' असा आहे. झेनोफन वाचून थेट तिथे गेलात तर मिखाएल अजगराच्या बाजूने लढताना दिसेल. त्या काळच्या ग्रीकमध्ये पोलेमोस पुन्हा एकेका लढाईसाठीही वापरला जाऊ लागला होता, म्हणून त्या ग्रंथात कुठे 'युद्ध' आणि कुठे 'लढाई' लिहायचे ते प्रत्येक वाक्यागणिक ठरवावे लागते.